प्रोसेसर म्हातारा झाला, हे ठरवणार कोण?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि "आपल्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं" म्हणून पुढे सरकू नका. शेवटी प्रश्न तुमच्याच मुलांच्या शाळेच्या पैशांचा आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापक सरांनी बोलावून घेतलं. मी तालुक्याच्या गावात गेली बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे अशा वेळी माझी आठवण होते. सरांनी एक कोटेशन पुढे सरकवलं. लॅबमधली बावीसच्या बावीस मशीन बदलायची, एकूण सव्वानऊ लाख रुपये. कारण एका ओळीत: 'प्रोसेसर आउटडेटेड.' जुनी मशीन पुरवठादारच घेऊन जाणार, नगाला आठशे रुपये देऊन.

"खरंच इतकी जुनी झालीत का रे ती?" सरांनी विचारलं.

लॅबमध्ये जाऊन बघितलं. सहाव्या आणि सातव्या पिढीचे आय-थ्री, २०१७-१८ च्या सुमाराला घेतलेले. कॅबिनेट उघडल्यावर मूठभर धूळ निघाली, एका पंख्याची घरघर ऐकू आली, बाकी सगळं ठणठणीत. या मशीनवर मुलं काय करतात? मराठी टायपिंग, स्प्रेडशीट, स्क्रॅच, थोडं पायथन. चंद्रावर यान पाठवत नाहीत.

ही पोस्ट त्या 'आउटडेटेड' या एका शब्दाविरुद्ध आहे. तो शब्द कोण लिहितं, कशाच्या जोरावर लिहितं आणि बिल कोण भरतं, एवढंच विचारायचं आहे.

पण आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडून घेतो. कारण "जुनं ते सोनं, काहीच बंद करू नका" म्हणणारेही आमच्यात खूप आहेत, आणि त्यांच्यामुळे आमची खरी बाजू हास्यास्पद होते.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. (सैन्यातला नव्हे.) मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कोणाचा नंबर कधी लावायचा, डिस्कवर कोण लिहिणार, हे सगळं तो बघतो. तुम्ही माऊस हलवता तेव्हा प्रोसेसरशी थेट बोलणारा हाच. त्यामुळे एखादा प्रोसेसर 'सपोर्टेड' आहे की नाही, याची पहिली चौकी इथे असते.

लिनक्सचा कर्नल लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला, तो स्वतःच्या ३८६ मशीनवर. म्हणजे ३८६ हे लिनक्सचं आजोळच. तरीही डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ चा सपोर्ट काढून टाकला. आवृत्ती ३.८ पासून लिनक्स ज्या मशीनवर जन्मला त्याच मशीनवर सुरू होईनासा झाला. बदल पाठवणाऱ्या इंगो मोल्नारने थोडी हळहळ व्यक्त केली, टोरवाल्ड्सने तीही केली नाही.

का काढला? कारण ऐकण्यासारखं आहे. सोसायटीच्या एकाच कॅशबुकात दोन कारकून एकाच वेळी नोंद करताहेत असं समजा. पहिल्याने शिल्लक वाचली, पाचशे. दुसऱ्यानेही वाचली, पाचशे. दोघांनी आपापली रक्कम मिळवून नवी शिल्लक लिहिली. एकाची नोंद गेली पाण्यात. यावर उपाय म्हणजे 'मी वाचलेली शिल्लक अजून तीच असेल तरच माझी लिही' हे एका दमात, मध्ये कोणाला हात घालू न देता करणं. नंतरच्या प्रोसेसरमध्ये यासाठी एक सूचनाच आहे. ३८६ मध्ये ती नव्हती. शिवाय 'हे पान फक्त वाचायचं, लिहायचं नाही' अशी खूण केली तरी कर्नल स्वतः लिहायला गेला की ३८६ ती खूण जुमानत नसे, म्हणून प्रत्येक वेळी कर्नललाच हाताने तपासणी करावी लागे. म्हणजे दर सुधारणेच्या वेळी एक प्रश्न ठरलेला: "हो, पण ३८६ वर काय?" जगात जवळजवळ कोणी वापरत नसलेल्या मशीनसाठी सगळ्यांनी हा कर भरायचा.

४८६ ची गोष्ट तीच. शिल्लक बदलण्याची चार बाइटची सूचना त्यात आहे, पण आठ बाइटची आली पेंटियमबरोबर, १९९३ मध्ये. वेळ मोजणारा आतला काउंटरही तेव्हाच आला. २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये मोल्नारनेच ४८६ आणि सुरुवातीचे ५८६ काढण्याचे बदल मांडले. चौदा हजारांहून अधिक ओळी कमी होणार होत्या. त्यात, गणिताची चिप नसलेल्या मशीनसाठी ते गणित सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवणारा मोठा भागही होता.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने फोन करून चिडवलं, "मामा, तुमच्या म्हाताऱ्याला काढताहेत बरं का!" माझ्या दुकानात फळीवर ४८६ डीएक्स-टू आहे. १९९६ मध्ये मी त्यावर शिकलो, अजून चालू होतो. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग रात्री बसून सगळं वाचलं आणि सकाळी भाच्याला फोन केला, "त्यांचं बरोबर आहे."

कारण सपोर्ट म्हणजे कोडमध्ये चार ओळी ठेवणं नव्हे. त्या ओळी प्रत्येक बदलानंतर खऱ्या मशीनवर कोणीतरी चालवून बघायला हव्यात. ४८६ वर ताजा कर्नल रोज कोण चालवतं? मीही नाही! मी त्यावर जुनं काहीतरी लावतो, वर्षातून दोनदा, पोरांना दाखवायला. तपासणी न होणारा सपोर्ट म्हणजे बाहेर 'डॉक्टर उपलब्ध आहेत' अशी पाटी आणि आत कुलूप. त्यापेक्षा पाटी काढलेली बरी, निदान पेशंट वेळेत दुसरीकडे जाईल.

आणि काढला म्हणजे मारला असंही नाही. ३८६ वर चालणारा शेवटचा कर्नल, ३.७, आजही कोणीही उतरवून घेऊ शकतो. माझ्या फळीवरच्या म्हाताऱ्याला त्याच्या काळातला कर्नल पुरतो.

उलट उदाहरणही बघा. मोटोरोलाचं ६८००० घराणं, ज्यातली पहिली चिप १९७९ ची, ते लिनक्समध्ये आजही आहे. अमिगा, अटारी, जुने मॅक. आणि इंटेल-एचपीने गाजावाजा करून २००१ मध्ये आणलेला, २०२१ पर्यंत बाजारात जात असलेला इटॅनियम? तो ६.७ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये बाहेर. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची चिप टिकते आणि कालपरवापर्यंत विकली जाणारी जाते, कारण पहिलीला सांभाळणारी माणसं आहेत, दुसरीला कोणी उरलं नाही. वयाचा संबंध नाही, काळजी घेणाऱ्या हातांचा आहे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. तीन प्रश्न विचारा. हा प्रोसेसर खरोखर वापरतं कोण? त्याची तपासणी करायला कोणी आहे का? आणि तो ठेवण्याचा किंवा काढण्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो? ४८६ तिन्हींत नापास. मी सही करून मोकळा.

आता हीच कसोटी शाळेच्या आय-थ्रीला लावू.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात, आणि सातव्या पिढीची मशीन त्यानंतरही दुकानांत विकली जात होती. म्हणजे २०१८ मध्ये पावती फाडून घेतलेलं नवं कोरं मशीन २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा, तीन वर्षांत, अपात्र. आपल्याकडे तीन वर्षांत शाळेच्या बाकाचा रंगही जात नाही.

"पण तांत्रिक कारण असेल ना?" असेल, तर बघू या.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना लागतातच, एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट. त्या नसतील तर ती सुरूच होत नाही. ही झाली खरी तांत्रिक रेघ, ३८६ वाल्या रेघेसारखी. मला मान्य आहे. पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या सूचना आल्या २००८ मध्ये! म्हणजे कोडची रेघ २००८ ला आणि यादीची रेघ २०१७ ला. मधली नऊ वर्षं कोणी ठरवली? प्रोसेसरने नाही ठरवली, धोरणाने ठरवली.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर: सुरक्षा. ते सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. नव्या प्रोसेसरमध्ये विंडोजचा गाभा वेगळ्या कप्प्यात बंद करून ठेवण्याची सोय जास्त चांगली चालते, हे खरं आहे. पण मग सातव्या पिढीतला आय-सेव्हन ७८२०एचक्यू हा एक प्रोसेसर, काही निवडक मशीनपुरता, यादीत कसा आला? तो कोणत्या मशीनमध्ये होता माहीत आहे? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये. घरच्या मशीनसाठी दार किलकिलं झालं, शाळेच्या आय-थ्रीसाठी नाही. आणि टीपीएम म्हणाल तर सहाव्या-सातव्या पिढीच्या कित्येक मशीनमध्ये ती सोय आतच असते, बायोसमध्ये चालू करावी लागते एवढंच.

अजून पुढे ऐका. विंडोज १० चे सुरक्षा-अपडेट बनणं थांबलंय का? नाही! पैसे भरणाऱ्या संस्थांना ते तीन वर्षं, ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार. कारखान्यांतल्या आणि एटीएमसारख्या मशीनसाठीची विंडोज १० ची जी दीर्घ मुदतीची २०२१ ची आवृत्ती आहे, तिला तर जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत. म्हणजे तोच गाभा दुरुस्त करायला माणसं आहेत, तपासणी होतेय, अपडेट तयार होताहेत. माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिले दोन हा प्रोसेसर पहिल्या वर्गात पास. तिसऱ्याचं उत्तर मात्र वाईट आहे: ठेवण्याचा भार जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीवर, काढण्याचा भार आमच्या शाळेवर.

४८६ काढला तेव्हा एकाही शाळेची लॅब बंद पडली नाही. इथे एका यादीने सव्वानऊ लाखांचं कोटेशन तयार केलं. दोन्हींना एकच शब्द वापरतात, 'आउटडेटेड'. माझा राग त्यावर आहे.

आणि पुरवठादाराने सरांना काय सांगितलं नाही, तेही लिहितो. शिक्षणसंस्थांना विंडोज १० चे वाढीव अपडेट पहिल्या वर्षी मशीनमागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४ अशा दराने जाहीर झाले होते. व्हॉल्यूम लायसन्सची कटकट असते, मान्य. पण पर्याय म्हणून कोटेशनवर एक ओळ? नाही. त्यात कमिशन कुठे असतं!

आता माझे लिनक्सवाले मित्र टाळ्या वाजवत असतील. थांबा जरा, तुमचीही पाळी आहे.

लिनक्सचा कर्नल २००३ च्या पहिल्या ६४-बिट एएमडी चिपांवर आजही चालतो, हे खरं. पण लोक नुसता कर्नल वापरत नाहीत. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला जी प्रोसेसरची पातळी लागते ती इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून मिळते, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं विकलेल्या स्वस्त सेलेरॉन-पेंटियममध्ये ती नाही. म्हणजे गरिबाचं २०२० चं मशीन अपात्र आणि श्रीमंताचं २०१३ चं पात्र. अल्मालिनक्सने त्याच १० क्रमांकाची जुन्या पातळीची वेगळी बांधणी काढून दाखवली, म्हणजे ते अशक्य नव्हतं. डेबियनने १३ व्या आवृत्तीत ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. फायरफॉक्सने ३२-बिट लिनक्सला १४४ नंतर रामराम केला. यातले काही निर्णय मला पटतात, ३२-बिटला सांभाळणारे हात खरंच कमी झालेत. पण "लिनक्स टाका, मशीन अमर होतं" हे सांगणं बंद करा. लोक विश्वास ठेवतात आणि चार वर्षांनी तोंडघशी पडतात. कर्नल सुरू झाला पण ब्राउझर उघडला नाही, तर मुख्याध्यापकांच्या लेखी मशीन बंदच.

दोन आक्षेप नेहमी येतात, त्यांचं आत्ताच मिटवतो.

पहिला: "जुनी मशीन वीज खातात." पेंटियम ४ खात होता, खरंय. तो घेऊन याल तर मीच त्याला ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राचा रस्ता दाखवीन. पण सहाव्या-सातव्या पिढीचा आय-थ्री आणि आजचा तसाच डेस्कटॉप यांत शाळेच्या दिवसाला दोन-तीन तासांच्या वापरात पडणारा फरक बिलात शोधावा लागेल. उलट कमी वापराच्या कॉम्प्युटरचं प्रदूषण मोठ्या प्रमाणात तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेलं असतं. चालू मशीन फेकून नवं घेणं हे पर्यावरणप्रेम नव्हे.

दुसरा: "सुरक्षेचं काय?" हा गंभीर आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. अपडेट बंद झालेलं विंडोज १० इंटरनेटला जोडून तसंच चालवू नका. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्या माझ्या धंद्यातल्या लोकांवर विश्वास ठेवू नका. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर बाहेर आले तेव्हा कळलं, की दोष प्रोसेसरमध्येच असला तरी त्यावरचं बरंचसं पांघरूण कर्नललाच घालावं लागतं. जुन्या मशीनला म्हणूनच ताजा कर्नल हवा. अपडेट विकत घ्या, नाहीतर चालू सपोर्टची दुसरी प्रणाली टाका. तिसरा रस्ता नाही.

शाळेचं काय झालं? बावीसपैकी तीन मशीनचे मदरबोर्ड खरोखर गेले होते, ती सोडून दिली. ऑफिसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही आणि जुनी पत्रं युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये अडकलेली, म्हणून ऑफिससाठी एक नवं मशीन घ्या असं मीच सांगितलं. उरलेल्या एकोणीसपैकी चौदांमध्ये एसएसडी आणि जादा रॅम टाकली, मशीनमागे चार हजारांच्या आत, आणि लिनक्स बसवलं. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड पहिल्या दिवशी चालू झाला. पहिले पंधरा दिवस शिक्षकांनी मला शिव्या घातल्या, मेनू सापडत नव्हता. मुलांना दोन दिवस लागले. प्रिंटरने मात्र मला रडवलं, हेही सांगतो. पाच मशीन अजून संस्थेच्या निर्णयाची वाट बघताहेत.

आणि आता मुद्दा असा, की तेच कोटेशन त्याच संस्थेच्या आणखी अकरा शाळांत पोचलंय. तोच मजकूर, तीच एक ओळ. पुढच्या महिन्यात बैठक आहे.

अकरा शाळांच्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. मशीन निर्लेखित करण्याआधी प्रत्येक मशीनचा प्रोसेसर, रॅम आणि नेमका दोष अशी यादी मागा. 'आउटडेटेड' हा दोष नाही, 'मदरबोर्ड जळाला' हा दोष आहे. कोटेशनमध्ये दुरुस्तीचा पर्याय शेजारच्या रकान्यात आहे का बघा. नवी खरेदी झालीच तर पुरवठादाराकडून लेखी घ्या, की या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षा-अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार. गाडी घेताना पार्ट किती वर्षं मिळतील विचारतो, मग इथे लाज कसली? आणि टाकाऊ मशीन ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडेच द्या. २०२२ च्या नियमांत रिफर्बिशरला वेगळी जागा दिली आहे, ती उगाच नाही.

सरकारला सांगायचं तर केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, आणि 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची प्रणाली तयार करून देते. तिथे कोणत्या मशीनवर काय चालेल हे परदेशातली यादी ठरवत नाही. आपल्या पुण्यात तर सी-डॅक बसलंय. 'बॉस' लिनक्स त्याच सी-डॅकचं. महाराष्ट्राच्या शाळांसाठी 'या प्रोसेसरपर्यंत आम्ही सांभाळू' अशी एक यादी काढायला चंद्रयानाचं बजेट लागत नाही.

आणि आमच्यासारख्या दुकानदारांना, पोरांना, हौशी लोकांना: नुसतं हळहळू नका. मशीन हवं असेल तर त्यावर नवीन कर्नल चालवून बघा, बिघडलं तर व्यवस्थित कळवा. ६८००० टिकला तो रडण्यामुळे नाही, राबण्यामुळे. सपोर्ट हा हक्क म्हणून मागता येतो तो ज्याने पैसे घेतले त्याच्याकडून. बाकीच्या ठिकाणी तो काम म्हणून करावा लागतो.

माझा ४८६ फळीवरच राहील. त्याच्यासाठी जगाने थांबावं असं मी म्हणत नाही. पण आठ वर्षांच्या, ठणठणीत, पोरांच्या हातातल्या मशीनला त्याच्या शेजारी नेऊन बसवायला निघालात, तर मी बैठकीला येणार, आणि कोटेशन हातात घेऊन येणार.

मत वेगळं असेल तर जरूर लिहा. फक्त आधी तुमच्या मशीनचा प्रोसेसर सांगा, मग भांडू.